मोगऱ्याच्या पिंपातलं मीठ

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये अंधश्रद्धेवर सगळ्यांत मोठ्यानं बोलणारा माणूस मीच होतो. कंटेनरचे कागद पुढे सरकवणारी ती न्हावा शेव्याची एक लहान कचेरी. बंदर नवंनवं होतं, आणि दुपारच्या चहाला आम्ही सात-आठ कारकून देशाचं काय चुकलं ते ठरवायचो. खिडकीबाहेर एखाद्या ट्रकला लिंबू-मिरची लटकलेली दिसली की माझी गाडी सुरू व्हायची. ‘शिकलेली माणसंसुद्धा!’ असं मी म्हणायचो, आणि ‘शिकलेली’ या शब्दावर असा काही थांबायचो की इथे शिकलेला कोण बसलाय ते ऐकणाऱ्याला आपोआप कळावं.

नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. त्याच दिवसांत नवीन पनवेलमध्ये, खांदा कॉलनीतल्या आमच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, माझ्या बायकोला एका झाडाला हात लावायची बंदी झाली होती. ज्या कारणासाठी झाली होती ते कारण खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे फक्त मला पक्कं ठाऊक होतं. मी घरी गप्प बसत होतो आणि कँटीनमध्ये बोलत होतो. इतकी वर्षं झाली, तरी त्या चहाची चव आठवली की मला माझीच शिसारी येते.

झाड मोगऱ्याचं होतं. बायको सहा वर्षांची असताना तिची आई गेली. तिला वाढवलं ते चिरनेरच्या आत्यानं. आईनं दारात लावलेल्या मोगऱ्याची एक फांदी आत्यानं वाकवून मातीत दाबून ठेवली, मुळं फुटल्यावर कापून घेतली, आणि आमच्या लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन आमच्याकडे आणली. गोणपाट माझ्या हातात देताना ती म्हणाली, “हिच्या आयशीचा हाय, जावाय. पोरीला रागावलंत तं चालंल, याचं पानी चुकवू नका.”

त्या झाडासाठी मी एकच काम धड केलं. बंदराच्या रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडून निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून आणलं, आणि तळाला भोकं पाडून ते स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, छज्ज्याच्या आडोशाला ठेवलं. बाकी सगळं बायको करायची. मासळी धुतलेलं पाणी, चहाचा चोथा, माहेरून पिशवीतून आणलेली चुलीची राख. तिसऱ्या उन्हाळ्यात झाड इतकं फुललं की देवाला वाहून, शेजारी वाटून, तिच्या केसांत गजरा उरायचा. त्या खिडकीशी ती स्वयंपाक करताना गुणगुणायची. हे मला तेव्हा लक्षात आलं नव्हतं. गुणगुणणं थांबलं तेव्हा आलं.

मला झाडांतलं काही कळत नव्हतं, पण मी वाचत होतो. रविवारच्या पुरवणीतली बागकामाची सदरं कापून वहीत चिकटवायचो. तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांच्या गॅलरीत अकरा गुलाब होते आणि प्रत्येक गुलाबाबद्दल एक मत होतं. जिन्यात भेटले की ते एक मत मला द्यायचे, मी ते वहीत उतरवायचो. अशाच एका मतावरून मी बायकोच्या शेवंतीला मूठभर युरिया घातला. शेवंती आठवड्यात जळाली. बायको ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “तुम्ही वाचा हवं तेवढं. माझ्या झाडांना वाचून दाखवू नका.”

हे वाक्य मला लागलं. लागायला नको होतं, पण माझ्यासारख्या माणसाला खरं बोललेलंच लागतं.

त्या वर्षी पाऊस संपता संपता पिंपाच्या बुडाशी गोगलगायी झाल्या. बोटभर लांब, बिनशंखाच्या, काळपट. मोगऱ्याचे कोवळे शेंडे त्या खायच्या. दिवेलागणीला बायको चिमटा आणि जुना डबा घेऊन बसायची, एकेक उचलून डब्यातल्या राखेत टाकायची आणि डबा लांब गटाराकडे रिकामा करून यायची. रोज वीस-पंचवीस. मला ही पद्धत अडाणी वाटायची. मी जिन्यात विषय काढला.

“अहो, चिमटा कसला घेऊन बसलाय!” गृहस्थ हसले. “जाडं मीठ टाका. जागच्या जागी विरघळतात. आम्ही दापोलीला माडालासुद्धा मीठ घालायचो. झाडाला काही होत नाही.”

माड आणि मोगरा यांत फरक असेल असं मला वाटलं नाही. त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. मीठ म्हणजे काय ते बायकोनं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. तिच्या वडिलांची दोन शेतं खाडीलगत होती. एका उधाणाला बांध फुटला, खारं पाणी आत शिरलं आणि तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवली नाही. तिचे वडील रोज सकाळी शेतात जाऊन चिमूटभर माती जिभेवर ठेवायचे, खार उतरला का ते बघायला. चौथ्या वर्षी ते मजुरीला गेले. आमच्या घरात लोणच्याची बरणी धुतलेलं पाणी ती कधी मातीत ओतायची नाही, मोरीत ओतायची. मला हे सगळं माहीत होतं. माझ्याकडे वही होती ना, त्या वहीत मात्र हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एका रविवारी बायको बाजारात गेली होती आणि आई आत झोपली होती. माझे वडील गेल्यावर आई घाटावरच्या आमच्या गावाहून नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. मी उरणच्या जाड्या मिठाच्या दोन मुठी पिंपाभोवती आणि वरच्या मातीवर टाकल्या. गोगलगायी वळवळल्या, त्यांना फेस आला, त्या विरघळल्या. मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. पुढच्या रविवारी चार मुठी. तरी थोड्या उरल्या होत्या, म्हणून तिसऱ्या रविवारी मीठ बादलीत कालवलं आणि ते पाणी पिंपात ओतलं. सगळीकडे पोचावं म्हणून. बायकोला सांगितलं नाही. गोगलगायी पुऱ्या गेल्या की सांगायचं, बघ, असं ठरवलं होतं.

गोगलगायी गेल्या. महिन्याभरात पानांच्या कडा करपल्या. मग पानं पिवळी पडायला लागली. खालची आधी, मग वरची, आणि हात न लावता गळायची. पाऊस नव्हता, पिंप छज्ज्याखाली होतं, तळाची भोकं चिकट मातीनं बुजली होती. ओतलेलं मीठ तिथेच बसून होतं. कमजोर झालेल्या शेंड्यांवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण चढला, मग त्यामागून मुंग्या आल्या. बायको कावरीबावरी झाली. पानं उलटी करून पाहायची, तंबाखूच्या पाण्यात साबण कालवून फडक्यानं एकेक फांदी पुसायची, पाणी कमी करायची, परत वाढवायची. तिनं माती चाखली कशी नाही, असं कुणी विचारेल. खार येतो तो उधाणाबरोबर, बांध फुटून. तळमजल्यावरच्या पिंपात खार येईल, आणि तोही आपल्याच नवऱ्याच्या हातानं, हे तिच्या डोक्यात कसं यावं?

मला संशय आला होता. आला होता म्हणजे काय, मला कळलं होतं. मिठाची मूठ माझी होती. पण मी स्वतःला म्हटलं, हिवाळा आहे, मोगरा हिवाळ्यात पानं टाकतोच. वहीत तसं लिहिलेलंही होतं.

डिसेंबरातली एक सकाळ. बायको तांब्यानं मोगऱ्याला पाणी घालत होती. आई मागच्या दारात उभी होती.

“कितवा दिवस गं तुझा?”

बायकोनं तांब्यातलं उरलेलं पाणी बुडाशी ओतलं.

“मी विचारते, कितवा दिवस?”

“दुसरा.”

“आणि शिवतेस त्याला? तरीच म्हटलं, चांगलं झाड असं धडाधडा का बसलं! आमच्याकडं पानमळ्यात बाईची नुसती सावली पडली तरी वेली जळतात. पानमळेवाला बांधावरूनच हाकलतो. तुमच्या खाडीकडं कुणी शिकवलं नाही वाटतं?”

“आई, मी दरवर्षी असंच पाणी घालते. मागल्या वर्षी किती फुललं होतं.”

“मागल्या वर्षी मी नव्हते बघायला.”

बायकोनं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. मी आत खुर्चीवर पेपर घेऊन बसलो होतो. “अहो, तुम्ही सांगा ना आईंना. तुम्ही एवढं बोलता या गोष्टींवर.”

मी पेपर खाली केला. “आई, असं काही नसतं.” कँटीनमधलंच वाक्य, फक्त आवाज नव्हता.

“मग कशानं झालं सांग,” आई म्हणाली. “शिकलायस ना?”

कशानं झालं ते सांगायला माझ्याइतका लायक माणूस त्या घरात काय, अख्ख्या कॉलनीत नव्हता. माझं उत्तर तयार होतं, तीन रविवारांचं, मुठींच्या हिशोबासकट. मी म्हणालो, “बघतो.”

भित्र्या माणसासाठीच हा शब्द केला असावा. आपण काहीतरी करणार आहोत असं त्यातून वाटतं आणि करावं काहीच लागत नाही.

आधी बंदी चार दिवसांची होती. मग आईनं ती वाढवली. झाड सावरेपर्यंत हिनं त्याच्या जवळसुद्धा जायचं नाही. आईनं खोडाला काळा दोरा बांधला, गोमूत्र शिंपडलं आणि रोज दोन तांबे पाणी घालायला लागली. बुडाशी पडलेली पिवळी पानंसुद्धा बायकोनं उचलायची नाहीत. ती मी उचलायचो. ऑफिसच्या बसला जाताना पिशवीत घालून रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकायचो, आणि बसमध्ये खिडकीशी बसून अंधश्रद्धा या विषयावर नवे मुद्दे काढायचो.

गोष्ट घरातच राहिली असती तर मी स्वतःला थोडं तरी माफ केलं असतं. पण भिंती पातळ होत्या आणि आईचा आवाज बारीक नव्हता. समोरच्या बाईंनी त्यांच्या कढीपत्त्याच्या कुंडीला बायकोचा हात लागू नये म्हणून कुंडी जिन्यावरून आत घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका घरी सगळ्यांना गजरे वाटत होते. बायकोचा नंबर आला तेव्हा कुणीतरी म्हणालं, “अगं, हिला प्लॅस्टिकचा द्या, तोच टिकेल.” सगळ्या हसल्या. बायको घरी आली, वाण देवापुढे ठेवलं आणि मला हे सगळं जसंच्या तसं सांगितलं, हसण्यासकट. मग म्हणाली, “मला खरंच वाटायला लागलंय. काही असेल का हो माझ्या हातात?”

तेव्हा मी तिला सांगायला हवं होतं. एका वाक्यात सांगून झालं असतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “वेडी आहेस का?”

मी दुसरंही एक काम केलं. जुन्या पनवेलमधून कीडनाशकाची बाटली आणली, वास आला तरी डोळे चुरचुरावेत असली, आणि भर दुपारी फवारली. उरलीसुरली पानं डागाळली. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, पान उलटं केलं, सुलटं केलं.

“व्हायरस,” ते म्हणाले.

“मीठ जास्त झालं नसेल ना?” मी हळूच विचारलं.

“मीठ? कुणी सांगितलं मीठ घालायला?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं. पुढच्या वर्षी सोसायटीच्या पुष्पस्पर्धेचे परीक्षक तेच झाले.

शिमगा झाल्यावर आत्या आली. सुकट, कडवे वाल आणि राखेची पिशवी घेऊन. चहा घ्यायच्या आधीच तिचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. काड्या झालेला मोगरा, काळा दोरा. ती मागच्या दारानं बाहेर आली. मागोमाग आम्ही तिघंही.

“हे काय झालं?”

“तुमच्या भाचीचा हात लागला,” आई म्हणाली. “नको त्या दिवसांत.”

आत्यानं आईकडे पाहिलं, मग पिंपाकडे. “विहीनबाय, मी सा पोरां काढली, कंदी रोपां लावायला सुट्टी नाय घेतली. आमची शेतां मंग कवाच जलाली असती.” ती खाली बसली. पिंपातली माती बोटानं उकरून वासासाठी नाकाशी नेली, मग चिमूटभर जिभेवर ठेवली. बायकोचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मी पाहिलं. तिच्या वडिलांना तिनं हेच करताना पाहिलं होतं.

आत्या बाजूला थुंकली. “खारं हाय.”

“खारं कसं असेल?” आई म्हणाली.

“आमच्या जिभंला खार शिकवायला नको. मीठ कोनी टाकलं यात?”

तिनं एकेकाकडे पाहिलं. बायकोकडे, आईकडे आणि शेवटी माझ्याकडे. माझी पाळी होती. चार महिने ज्या प्रश्नाला मी ‘बघतो’ म्हणत होतो, तो आता कुणीतरी सरळ मराठीत विचारला होता.

“टँकरचं पाणी असेल,” मी म्हणालो. “बोअरचं असतं ना ते. त्यात क्षार असतात.”

क्षार! काय शब्द काढला मी. आईचा चेहरा उजळला. “हो, हो, टँकरचंच. त्यात डाळ शिजत नाही मेली.”

“टँकरचं पानी ती तुळसबी पिते,” आत्या म्हणाली. शेजारच्या डब्यात तुळस हिरवीगार उभी होती. “ती कशी जिती हाय?”

“तिला ही शिवत नाही ना,” आई म्हणाली.

या उत्तराला जगात तोड नाही. आत्या मोठ्यानं हसली, आणि मला वाटलं, हसण्यावारी गेलं. तिनं काडी घेऊन पिंपाची बुजलेली भोकं मोकळी केली. काळं पाणी वाहून आलं. “पावसापोतूर असंच ऱ्हाऊंद्या. पाऊस लागला का छज्ज्याखालून बाहेर काढा. पानी वरून पडंल, खालून जाईल. खार असाच उतरतो. घाई नाय करायची.”

मी तिला एसटी स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागली होती. पायरीवर एक पाय ठेवून ती थांबली.

“जावाय, गोगलगायींवर लोकां मीठ टाकतात. मना ठावं हाय.”

मी तिची रिकामी पिशवी पायरीवर ठेवली.

“मी नाय सांगायची. तोंड तुमचं हाय. पन पोरीला सांगा. ती सोताला खाते.”

गाडी गेली. स्टँडवरून घरी येईपर्यंत मी तीनदा वाक्य जुळवलं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “आत्या काय म्हणाली?” मी म्हणालो, “खिडकीची जागा मिळाली.”

पाऊस लागला. आईनं आणि मी मिळून पिंप अंगणात ओढलं. जुलैत खोडाला डोळे फुटले, ऑगस्टमध्ये पानं हिरवीकंच झाली. मला वाटलं, झाड वाचलं, आता आपोआप सगळं सुटेल. उलट झालं. आई प्रत्येक येणाऱ्याला काळा दोरा दाखवायची. “आठ महिने हिला लांब ठेवली, बघा कसं तरारलं.” आणि बायको एकदा पिंपाजवळून पाटी घेऊन गेली तेव्हा आई म्हणाली, “बरं झालंय ना? मग आता परत नको.” झाड मेलं असतं तर बंदी संपली असती. झाड जगलं आणि बायकोचा दोष सिद्ध झाला.

गणपती जवळ आले. कॉलनीच्या मंडळानं दुसऱ्या दिवशी व्याख्यान ठेवायचं ठरवलं, विज्ञान आणि आपण. व्याख्याता म्हणून माझं नाव निघालं. माझी कँटीनमधली कीर्ती तोवर कॉलनीपर्यंत पोचली होती. मी घरी येऊन हे सांगितलं. बायको दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती.

“बोला की,” ती म्हणाली. “मला पुढं बसवाल ना? लोकांना उदाहरण दिसेल.”

ती चिडून बोलली नाही. मी त्याच संध्याकाळी सांगितलं. धैर्य आलं म्हणून नाही. तिच्या समोर बसून ते भाषण करायची लाज वाटली म्हणून. कबुलीसुद्धा मी स्वतःची सोय बघूनच दिली.

आई देवापुढे वाती वळत होती, बायको ओट्याशी उभी होती. “आई,” मी म्हणालो, “मोगऱ्यात मीठ मी टाकलं होतं. गोगलगायी मारायला. तीनदा. हिचा काही संबंध नाही.”

आईनं वात वळणं थांबवलं नाही. “कशाला खोटं बोलतोस?”

“खोटं नाही.”

“तूच म्हणालास टँकरचं पाणी. आता म्हणतोस मीठ. बायकोसाठी बोलतोयस, कळतं मला.” तिनं वात बाजूला ठेवली. “बोल बाबा. चांगलं आहे. तुझे वडील माझ्यासाठी कधी एवढंसुद्धा खोटं बोलले नाहीत.”

मी बाहेर गेलो, पिंपातली मूठभर माती आणली. आई ती तोंडात घालणार नव्हती, म्हणून मीच जिभेवर ठेवली. नुसती माती. पावसानं ती पुरती गोडी झाली होती. मीठ गेलं होतं, आणि त्याच्याबरोबर माझा पुरावाही. क्षार म्हटलं तेव्हा एका क्षणात विश्वास बसला होता. मीठ म्हटलं आणि मी बायकोवेडा ठरलो. तोंडात चिखल घेऊन मी स्वयंपाकघरात उभा होतो.

बायकोचा मात्र विश्वास बसला. तिनं गॅस बारीक केला.

“तिसऱ्यांदा कसं टाकलंत?”

“पाण्यात कालवून.”

“संक्रांतीला तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“मी विचारलं होतं तुम्हाला. माझ्या हातात काही आहे का म्हणून.”

“हो.”

तिनं गॅस परत मोठा केला. आमटी उतू जाईपर्यंत ती तशीच उभी होती. ती अशी कधी उतू जाऊ द्यायची नाही.

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी मी भाषण केलं. हो, केलं. मंडळाचं पत्रक छापून झालं होतं, आणि नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं. चाळीस मिनिटं बोललो, टाळ्या पडल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी नारळ दिला. पहिल्या रांगेत आई बसली होती. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, “छान बोललास. पण शिवाशिवीचं काढलंस ते बरोबर नाही.” बायको आली नव्हती.

गौरी गेल्यावर ती माहेरी निघाली. सकाळी अंगणात येऊन तिनं पदर खोचला, पिंप आडवं केलं, मातीचा गड्डा दोन्ही हातांनी मुळांसकट बाहेर काढला आणि गोणपाटावर ठेवला. काळा दोरा ओढून तोडला. आई दारात होती.

“आई, आज तिसरा दिवस आहे,” बायको म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं.

गड्डा जड होता. मी पुढे झालो, गोणपाटाचं टोक धरायला.

“तुम्ही नका हात लावू,” ती म्हणाली.

रिक्षावाल्यानं धरलं ते टोक.

ती पंधरा दिवसांनी परत आली, मोगऱ्याशिवाय. आम्ही नीट संसार केला. मुलं झाली, आईचं आजारपण तिनंच काढलं. आईनं शेवटपर्यंत माझं मीठ मानलं नाही. एकदा दवाखान्यातून येताना ती बायकोला म्हणाली, “तो तुझ्यासाठी खोटं बोलला होता, हे विसरू नकोस.” बायको म्हणाली, “नाही विसरत.” निळ्या पिंपात आम्ही टँकरचं पाणी भरून ठेवायचो. मी कँटीनमध्ये बोलायचं थांबवलं. त्यानं कुणाचं काही अडलं नाही. माझी जागा आठवड्यात दुसऱ्यानं घेतली, आणि तो माझ्यापेक्षा बरा बोलायचा.

मोगरा चिरनेरला आत्याच्या दारातल्या विहिरीशी, बायकोच्या आईच्या मूळ झाडाच्या शेजारी लागला. दर मे महिन्यात आम्ही जातो. आता कुठला जुना आणि कुठला आमचा ते ओळखू येत नाही. मी ओट्यावर बसतो, मला जावई म्हणून चहा मिळतो. पहिल्या वर्षी मी बादली उचलायला गेलो तर आत्या म्हणाली, “बसा तुमी, जावाय,” आणि बादली माझ्या हातातून घेतली. तेव्हापासून मी बसतोच. कुणी नियम केलेला नाही, पण मला तो पाठ आहे. आई बायकोला जे करू देत नव्हती तेच मला करता येत नाही. फरक इतकाच, की माझ्या बंदीला कारण आहे.

गेल्या मे महिन्यात बायको ओट्याच्या पायरीवर बसून गजरा गुंफत होती. परडीतल्या दोन कळ्या घरंगळत माझ्या पायाशी आल्या. मी पाय मागे घेतला. तिनं दोरा दातानं तोडला, माझ्याकडे पाहिलं.

“उचला,” ती म्हणाली. “पडलेलं चालतं.”

मी खाली वाकलो आणि त्या दोन कळ्या उचलून तिच्या परडीत ठेवल्या.